टेक्स्टबॉक्सपासून टेबलपर्यंत : प्रस्तावना

डिसोझा, डिमेलो, डिकुन्हा, डिसिल्वा. गोव्यात, वसईत, मुंबईच्या वांद्र्यात ही आडनावे सर्रास ऐकू येतात. इंग्रजीत लिहिताना त्यांतल्या अनेकांमध्ये ‘डी’ या अक्षरानंतर एकेरी अवतरणचिन्ह पडते. आता एक साधे वेबपेज डोळ्यांसमोर आणावे. वर आडनाव लिहायचा टेक्स्टबॉक्स, शेजारी ‘शोधा’ असे बटण आणि खाली निकाल दाखवणारा ग्रिड. पाटील लिहिले की पाटलांची यादी येते, कुलकर्णी लिहिले की कुलकर्ण्यांची. डिसोझा हे नाव त्या चिन्हासह लिहिले, की यादी येतच नाही. समोर येतो तो एरर.

दोष नावात नाही. पेज लिहिणाऱ्याने क्वेरीचा मजकूर आणि टेक्स्टबॉक्समधला मजकूर अधिकच्या चिन्हाने एकमेकांना जोडला आणि ती सलग ओळ डेटाबेसकडे पाठवून दिली. एसक्यूएलमध्ये मजकूर एकेरी अवतरणचिन्हांत लिहितात. त्यामुळे ‘डी’नंतरचे चिन्ह दिसताच नाव संपले, असे सर्व्हर धरून चालतो. उरलेला ‘सोझा’ त्याच्या लेखी क्वेरीचाच पुढचा भाग असतो. तिथे त्या शब्दाला काही अर्थ लागत नाही, म्हणून क्वेरी नाकारली जाते.

जे एका आडनावाने नकळत घडते, ते जाणूनबुजूनही घडवता येते. कोणी त्याच टेक्स्टबॉक्समध्ये अवतरणचिन्ह टाकून पुढे ‘ऑर एक बरोबर एक’ अशा अर्थाची अट लिहिली आणि उरलेली ओळ टिप्पणीच्या चिन्हाने निकामी केली, तर प्रत्येक ओळीसाठी खरी ठरणारी अट तयार होते आणि आख्खे टेबल ग्रिडमध्ये उतरते. लॉगिनच्या पेजवर हाच प्रकार केला तर पासवर्ड माहीत नसतानाही दार उघडते. काही ठिकाणी अर्धविराम देऊन दुसरी आज्ञाही चालवता येते, आणि ती आज्ञा टेबल पुसण्याची असू शकते. या हल्ल्याला एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात.

वेबपेजवरच्या कंट्रोलमधली किंमत क्वेरीपर्यंत नीट कशी पोहोचवावी, हा या पुस्तकाचा विषय आहे. त्याचे उत्तर एका शब्दात सांगता येते: पॅरामीटर. मात्र त्या शब्दाच्या पोटात बरेच काही आहे. किंमत कुठून आली, तिचा प्रकार कोणता, ती रिकामी असली तर काय करायचे आणि ती मागण्याचा हक्क कोणाला आहे, या चारही प्रश्नांची उत्तरे दिल्याशिवाय पॅरामीटर पुरता समजत नाही.

पॅरामीटर काम कसा करतो, ते तहसील कचेरीतल्या छापील अर्जावरून ध्यानात येईल. अर्जातली वाक्ये आधीच छापलेली असतात आणि अर्जदार फक्त मोकळ्या चौकटी भरतो. चौकटीत त्याने काहीही लिहिले तरी छापील वाक्ये बदलत नाहीत. पॅरामीटर असलेल्या क्वेरीत आडनावाच्या जागी ‘@आडनाव’ अशी खूण असते. क्वेरीचा मजकूर वेगळा जातो आणि किंमत वेगळी. सर्व्हर क्वेरीचा अर्थ लावतो तो फक्त मजकुरावरून. किंमत त्या अर्थात भर घालू शकत नाही. डिसोझातले अवतरणचिन्ह मग निव्वळ एक अक्षर ठरते आणि हल्लेखोराची ओळ हे एक लांबलचक, कोणाचेच नसलेले आडनाव. शोधाचे उत्तर येते: शून्य नोंदी.

ही युक्ती वेबच्या आधीची आहे. आयबीएममध्ये काम करणाऱ्या एडगर कॉड यांनी १९७० मध्ये रिलेशनल मॉडेलवरचा आपला निबंध प्रसिद्ध केला. त्याच कंपनीतल्या डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी १९७४ मध्ये ‘सीक्वेल’ ही भाषा मांडली; तीच पुढे एसक्यूएल झाली. कोबॉलसारख्या भाषेतल्या प्रोग्रॅममध्ये एसक्यूएल लिहायची वेळ आली तेव्हा प्रोग्रॅममधले व्हेरिएबल कोलन लावून क्वेरीत ठेवण्याची पद्धत रूढ झाली. १९९२ मध्ये मायक्रोसॉफ्टने ओडीबीसी आणले, त्यात किमतीच्या जागी प्रश्नचिन्ह लिहायची सोय होती. १९९७ मध्ये जावाच्या जेडीबीसीत ‘प्रिपेअर्ड स्टेटमेंट’ आले. म्हणजे मजकूर आणि किंमत वेगळी ठेवण्याची साधने तयार होती.

तरीही नव्वदच्या दशकाच्या अखेरीस वेबपेज लिहिणाऱ्यांची फौज उभी राहिली ती स्ट्रिंग जोडत. एएसपी आणि पीएचपी या भाषांत दोन तुकडे जोडणे अगदी सोपे होते, उदाहरणेही तशीच फिरत होती, आणि पेज चालतही होते. डिसेंबर १९९८ मध्ये ‘फ्रॅक’ या नियतकालिकाच्या ५४ व्या अंकात, ‘रेन फॉरेस्ट पपी’ या टोपणनावाच्या संशोधकाने अशा पेजमधून डेटाबेसला नको त्या आज्ञा कशा देता येतात ते उघड लिहिले. ही या हल्ल्याची पहिली जाहीर चर्चा मानली जाते.

त्यानंतरची यादी लांब आहे. अमेरिकेतल्या हार्टलँड पेमेंट सिस्टिम्स या कंपनीतून सुमारे १३ कोटी कार्डांचे तपशील चोरीला गेल्याचे २००९ मध्ये उघडकीस आले. चोरांचा शिरकाव एसक्यूएल इंजेक्शनमधून झाला होता. या आणि इतर चोऱ्यांसाठी अल्बर्ट गोन्झालेझला २०१० मध्ये २० वर्षांची कैद झाली. ब्रिटनच्या टॉकटॉक कंपनीच्या १,५६,९५९ ग्राहकांची माहिती ऑक्टोबर २०१५ मध्ये बाहेर गेली आणि पुढच्या वर्षी तिथल्या माहिती आयुक्तालयाने कंपनीला ४ लाख पौंडांचा दंड केला. हल्ला झालेली पेज टॉकटॉकने विकत घेतलेल्या दुसऱ्या कंपनीकडून वारशाने आली होती. ती अजून चालू आहेत याची दखल कोणी घेतली नव्हती. २०२३ मध्ये मूव्हइट या फाइल पाठवण्याच्या सॉफ्टवेअरमधून जगभरच्या संस्थांची माहिती चोरली गेली, तीही याच मार्गाने. मार्च २०२४ मध्ये अमेरिकेच्या सिसा आणि एफबीआय या यंत्रणांनी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपन्यांच्या प्रमुखांना उद्देशून पत्रक काढले. पॅरामीटर असलेल्या क्वेरी वापरून हा दोष मुळातून काढा, असे त्यात सांगितले होते. उपाय इतका जुना असताना असे पत्रक काढावे लागते, यातच या पुस्तकाची गरज दिसते.

पुस्तकातली बहुतेक उदाहरणे एएसपी डॉट नेटच्या वेब फॉर्म्समधली आहेत. त्यामागे कारण आहे. नोव्हेंबर २००५ मध्ये आलेल्या या तंत्राच्या दुसऱ्या आवृत्तीत ‘एसक्यूएल डेटा सोर्स’ आणि ‘ग्रिड व्ह्यू’ हे कंट्रोल आले, आणि किंमत कुठून आणायची हे कोड न लिहिता पेजवरच जाहीर करण्याची सोय झाली. ‘कंट्रोल पॅरामीटर’ टेक्स्टबॉक्स किंवा ड्रॉपडाऊनमधली किंमत उचलतो. ‘क्वेरी स्ट्रिंग पॅरामीटर’ पत्त्याच्या ओळीतल्या प्रश्नचिन्हानंतरचा भाग वाचतो. सेशन, कुकी, फॉर्म आणि प्रोफाइल यांच्यासाठी स्वतंत्र पॅरामीटर आहेत. २०१० च्या चौथ्या आवृत्तीत ‘राउट पॅरामीटर’चीही भर पडली. वेब फॉर्म्स नव्या एएसपी डॉट नेट कोअरमध्ये नेले गेले नाहीत, पण जुन्या फ्रेमवर्कवर ती पेज आजही चालतात आणि कोणाला तरी ती सांभाळावी लागतात.

या रचनेचा मोठा गुण असा की प्रत्येक किमतीचा उगम नावानिशी लिहावा लागतो. आणि उगम लिहिला की त्यावर किती भरवसा ठेवायचा हेही विचारता येते. पत्त्याच्या ओळीतला क्रमांक कोणीही बदलू शकतो. कुकी वापरणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये असते, तीही बदलता येते. फॉर्ममधून येणारी किंमत पेजवरच्या ड्रॉपडाऊनमधलीच असेल याची खात्री नसते, कारण विनंती हाताने घडवून पाठवता येते. सेशनमधली किंमत सर्व्हरकडे असते, म्हणून ती त्यातल्या त्यात भरवशाची. पण ती तिथे कोणी आणि कशावरून ठेवली हे पाहावेच लागते.

एक उदाहरण सबंध घेऊ. महाराष्ट्रात ३६ जिल्हे आणि ३५८ तालुके आहेत. पेजवर पहिला ड्रॉपडाऊन जिल्ह्याचा, दुसरा तालुक्याचा आणि खाली त्या तालुक्यातल्या ग्राहकांचा ग्रिड. तालुक्याच्या क्वेरीत ‘जिल्हा कोड = @जिल्हा’ अशी अट असते आणि तिचा कंट्रोल पॅरामीटर पहिल्या ड्रॉपडाऊनच्या निवडलेल्या किमतीकडे बोट दाखवतो. ग्रिडच्या क्वेरीचा पॅरामीटर तसाच दुसऱ्या ड्रॉपडाऊनकडे. दोन्ही ड्रॉपडाऊनचा ‘ऑटो पोस्टबॅक’ चालू केला की जिल्हा बदलताच पेज सर्व्हरकडे जाते आणि तालुके बदलतात, आणि तालुका बदलताच ग्रिड. एक ओळही कोड न लिहिता साखळी पुरी होते.

मग वापरणारा म्हणतो, ‘सर्व तालुके’ असाही पर्याय हवा. नवशिक्या प्रोग्रॅमर रिकामी किंमत असलेली एक ओळ ड्रॉपडाऊनमध्ये घालतो, पेज चालवतो, आणि ग्रिड कोरा येतो. एरर नाही, सूचना नाही. तो क्वेरी डेटाबेसमध्ये थेट चालवून बघतो, तर तिथे ती बरोबर असते. कित्येकांची संध्याकाळ या कोऱ्या ग्रिडपुढे जाते.

कारण दोन मूलभूत सेटिंगमध्ये आहे. पॅरामीटरला रिकामी स्ट्रिंग मिळाली तर तो ती आपणहून ‘नल’ करतो. आणि एखादा पॅरामीटर नल असेल तर एसक्यूएल डेटा सोर्स निवडीची क्वेरी चालवतच नाही, कारण ‘कॅन्सल सिलेक्ट ऑन नल पॅरामीटर’ हा गुणधर्म मुळातच चालू असतो. तो बंद केला तरी काम अर्धेच होते. एसक्यूएलमध्ये ‘काहीतरी बरोबर नल’ ही अट कधीच खरी ठरत नाही. नल म्हणजे अज्ञात, आणि अज्ञाताशी केलेल्या तुलनेचे उत्तरही अज्ञातच. म्हणून क्वेरीत ‘@तालुका नल आहे किंवा तालुका कोड = @तालुका’ अशी जोडअट लिहावी लागते. रिकामेपणाचा अर्थ ‘काहीच दाखवू नका’ की ‘सगळे दाखवा’ हे यंत्र ठरवू शकत नाही. ते लिहिणाऱ्याने ठरवायचे असते.

प्रकाराचा प्रश्न मराठी प्रोग्रॅमरला विशेष जवळचा आहे. एसक्यूएल सर्व्हरमध्ये देवनागरी मजकूर ‘एनव्हारचार’ प्रकारच्या कॉलममध्ये ठेवतात. पण कॉलम बरोबर असूनही ‘सातारा’च्या जागी प्रश्नचिन्हांची रांग साठलेली अनेकांनी पाहिली आहे. क्वेरी जोडून लिहिताना अवतरणाआधी एन हे अक्षर राहून गेले, की तो मजकूर आधी डेटाबेसच्या जुन्या कोडपेजमध्ये उतरवला जातो. तिथे देवनागरीला जागा नसते, म्हणून प्रत्येक अक्षराचे प्रश्नचिन्ह होते. एकदा साठलेले प्रश्नचिन्ह परत अक्षर होत नाही. मूळ मजकूर गेला तो गेला. किंमत एनव्हारचार प्रकारच्या पॅरामीटरमधून पाठवली तर हा धोकाच राहत नाही.

तारखेचेही तसेच. ०५/०८/२०२४ ही भारतात ५ ऑगस्ट आणि अमेरिकी मांडणीच्या सर्व्हरवर ८ मे. जोडलेल्या क्वेरीत ही तारीख मजकूर म्हणून जाते आणि अर्थ लावण्याचे काम सर्व्हरच्या भाषेच्या सेटिंगवर पडते. १३ तारखेपासूनच्या तारखांना एरर तरी येतो. पहिल्या १२ दिवसांच्या तारखा मात्र गुपचूप उलट्या होतात. तारीख हा प्रकार असलेला पॅरामीटर दिला की डेटाबेसकडे मजकूर जात नाही, खरी तारीख जाते. अर्थ लावण्याचे काम एकाच जागी, पेजच्या कोडमध्ये, ठरलेल्या मांडणीने होते आणि चूक असेल तर तिथेच सापडते. मराठी आकड्यांत लिहिलेल्या संख्येची दखलही तिथेच घ्यावी लागते, कारण डॉट नेटची संख्या वाचणारी नेहमीची पद्धत ० ते ९ हे रोमन लिपीबरोबर चालणारे आकडेच ओळखते.

वेगाचा मुद्दा सुरक्षेइतका बोलला जात नाही, पण तोही मोठा आहे. क्वेरी आली की डेटाबेस ती कशी चालवायची याचा प्लॅन बनवतो आणि जपून ठेवतो. जोडलेल्या क्वेरीत दर वेळी आडनाव वेगळे, म्हणून मजकूर वेगळा, म्हणून प्लॅनही पुन्हा नव्याने. पॅरामीटर असेल तर मजकूर तोच राहतो आणि एकच प्लॅन पुन्हा पुन्हा कामी येतो. याची दुसरी बाजूही पुस्तकात आहे. पहिली विनंती मोजके ग्राहक असलेल्या जिल्ह्याची आली, तर त्या किमतीला साजेसा प्लॅन जपला जातो आणि नंतर लाखो ग्राहकांच्या जिल्ह्यासाठी तोच वापरल्यावर पेज रखडते. याला पॅरामीटर स्निफिंग म्हणतात. त्यावर उपाय आहेत. त्याला घाबरून पुन्हा स्ट्रिंग जोडायला लागणे हा त्यांतला नव्हे. तसेच कॉलम व्हारचार आणि पॅरामीटर एनव्हारचार असा विजोड झाला तर इंडेक्सचा उपयोग कमी होऊ शकतो. म्हणून प्रकार आणि लांबी अंदाजावर न सोडता लिहून द्यावी, हा आग्रह प्रकरणोप्रकरणी दिसेल.

पॅरामीटर काय करू शकत नाही हेही स्पष्ट सांगायला हवे. त्याच्या जागी किंमतच बसते. टेबलचे नाव, कॉलमचे नाव किंवा चढता-उतरता क्रम बसत नाही. वापरणाऱ्याने निवडलेल्या कॉलमनुसार यादी लावायची असेल तर परवानगी असलेल्या नावांची यादी कोडमध्ये ठेवून तिच्यातूनच नाव उचलावे लागते. स्वल्पविरामाने जोडलेले दहा क्रमांक एका पॅरामीटरमधून ‘इन’च्या अटीत दिले तर डेटाबेस त्यांना एकच मजकूर समजतो; एसक्यूएल सर्व्हरमध्ये २००८ पासून यासाठी टेबल स्वरूपाचा पॅरामीटर आहे. स्टोअर्ड प्रोसिजर वापरली म्हणजे सुरक्षित, हाही समज अपुरा आहे. तिच्या आत स्ट्रिंग जोडून क्वेरी चालवली असेल तर भोक फक्त एक मजला खाली सरकलेले असते.

सगळ्यात महत्त्वाची मर्यादा हक्काची. पत्त्याच्या ओळीत बिल क्रमांक १०१ आहे आणि तो पॅरामीटरमधून नीट क्वेरीत जातो. कोणी तो १०२ केला तर दुसऱ्याचे बिल तितक्याच नीटपणे समोर येते. क्वेरी मोडली नाही, इंजेक्शनही झाले नाही, तरी माहिती फुटली. त्यासाठी क्वेरीत दुसरी अट हवी: बिलाचा मालक = सेशनमधला ग्राहक. पहिला पॅरामीटर वापरणाऱ्याने काय मागितले ते सांगतो, दुसरा मागणारा कोण आहे ते. खासगी माहिती दाखवणाऱ्या पेजवर हे दोन्ही लागतात.

वेब फॉर्म्स न वापरणाऱ्यांनाही पुस्तक उपयोगी पडेल. पीएचपीत २००५ पासून पीडीओ आहे आणि जुनी मायएसक्यूएलची फंक्शन २०१५ च्या सातव्या आवृत्तीत काढून टाकली गेली. पायथनच्या डेटाबेस मानकात पॅरामीटर लिहिण्याच्या पाच शैली आहेत, आणि त्यांतली टक्क्याच्या चिन्हाची शैली स्ट्रिंग जोडण्यासारखीच दिसत असल्याने तिथे जपावे लागते. जँगो, हायबरनेट, एंटिटी फ्रेमवर्क यांसारखी साधने आपणहून पॅरामीटर बनवतात. पण त्या प्रत्येकात कच्ची क्वेरी लिहायची वाट मोकळी असते आणि घाईच्या वेळी तीच धरली जाते. भाषा बदलल्या तरी चार प्रश्न तेच राहतात.

वर्गात शिकवणाऱ्यांना एक कळकळीची विनंती. डेटाबेसला जोडलेल्या वेबपेजचे पहिले उदाहरण फळ्यावर लिहाल तेव्हाच ते पॅरामीटरसह लिहा. ‘आधी सोपे शिकवू, सुरक्षित नंतर बघू’ असे म्हटले की ते सोपेच हातात बसते आणि नोकरीत तेच उतरते. दोन ओळी जास्त लागतील, पण विद्यार्थ्याला त्या जड नाहीत.

आणि काम करणाऱ्या वाचकाने पहिले प्रकरण उघडण्याआधी आपल्याच प्रकल्पात एक शोध घ्यावा. जिथे जिथे क्वेरीच्या मजकुराला अधिकच्या चिन्हाने काही जोडले आहे त्या जागांची यादी करावी. लॉगिन, शोध आणि पत्त्याच्या ओळीतून क्रमांक घेणारी पेज यादीत सर्वांत वर ठेवावीत. कोणी वापरत नाही असे वाटणारी जुनी पेजही त्यात धरावीत. पुस्तक वाचत असताना ती यादी शेजारी असू द्यावी आणि एकेक जागा दुरुस्त करत पुढे जावे.